स्फोटक वातावरणातील यंत्रसामग्रीची सुरक्षा-तपासणी
सातारा व सांगली जिल्ह्यांतील आसवन्या, गोदामे व गिरण्यांच्या संदर्भात

कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या पाण्यावर सातारा व सांगली जिल्ह्यांत उसाची शेती बहरली आणि त्या शेतीच्या आधाराने सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. रेठरे बुद्रुक, यशवंतनगर, साखराळे, कुंडल, चिखली ही नावे आज साखर कारखान्यांमुळे राज्यभर परिचित झालेली आहेत. प्रारंभी केवळ साखर तयार करणाऱ्या या उद्योगाने पुढे मळीपासून मद्यार्क, सांडपाण्यापासून जैववायू आणि उसाच्या रसापासून इथेनॉल अशी उपउत्पादने हाती घेतली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०२२ मध्ये १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला. त्यामुळे आसवनी हा साखर कारखान्याचा दुय्यम विभाग राहिला नसून त्याच्या अर्थकारणाचा एक मुख्य आधार बनला आहे.

या प्रगतीबरोबर एक नवी जबाबदारीही आली आहे. इथेनॉलची साठवण टाकी, जैववायूचे संयंत्र, पेट्रोलियम पदार्थांचे आगार, स्वयंपाकाच्या गॅसचे गोदाम, एवढेच नव्हे तर साखर व हळद यांची बारीक भुकटी हाताळणारी जागा, या सर्व ठिकाणी हवेचे रूपांतर स्फोटक मिश्रणात होण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी वापरावयाची विद्युत व यांत्रिक उपकरणे विशिष्ट पद्धतीची असावी लागतात आणि ती तशीच राहिली आहेत किंवा नाहीत, याची नियमित तपासणी व्हावी लागते. या तपासणीचे स्वरूप काय असते, तिची गरज का भासते आणि कारखान्याबाहेरील नागरिकाचा तिच्याशी संबंध कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्फोटके आणि स्फोटक वातावरण

येथे प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. तासगाव तालुक्यातील कवठे एकंद हे गाव दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध आहे. मे २०१५ मध्ये त्याच गावी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगारांना प्राण गमवावे लागले. फटाक्याच्या दारूत जळणारा पदार्थ आणि त्याला प्राणवायू पुरविणारा पदार्थ हे दोन्ही एकत्र असतात. ती दारू स्वतःच स्फोटक असते व तिचा धोका सर्वांना ठाऊक असतो.

स्फोटक वातावरणाचा प्रकार निराळा आहे. तेथे स्फोटक म्हणून ओळखला जाणारा कोणताही पदार्थ नसतो. एखाद्या ज्वालाग्राही द्रवाची वाफ, एखादा वायू किंवा हवेत तरंगणारी भुकटी साध्या हवेत ठराविक प्रमाणात मिसळली की ते मिश्रण स्फोटक बनते. ते डोळ्यांना दिसतेच असे नाही. वायू, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे स्फोट होतो; यांपैकी एक जरी दूर ठेवली तरी तो टळतो. हवा दूर ठेवणे बहुधा शक्य नसते. वायूची गळती पूर्णपणे थांबविणे कठीण असते. म्हणून ठिणगी व तप्त पृष्ठभाग यांच्यावर नियंत्रण ठेवण्याला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त होते.

प्रत्येक वायूला स्फोटाची एक खालची व एक वरची मर्यादा असते. जैववायूतील मिथेन हवेत सुमारे ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के आहे. इथेनॉलच्या वाफेचे प्रमाण सुमारे ३.३ ते १९ टक्के असते, म्हणजे त्याचा पल्ला बराच रुंद आहे. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर निघून जातो. परंतु स्वयंपाकाचा गॅस आणि इथेनॉलची वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतात, गटारात व खड्ड्यात साचतात आणि उगमापासून बऱ्याच अंतरावरील ठिणगीपर्यंत पोचू शकतात.

इथेनॉलची एक विशेष गोष्ट आसवनीतील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवावरील मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की, सर्वसाधारण तापमानात ती वरच्या मर्यादेच्या पलीकडे जाते आणि टाकीच्या आत सहसा पेट घेऊ शकत नाही. इथेनॉलचे तसे नाही. सुमारे १३ अंश सेल्सिअसपासून ४० अंशांपर्यंत त्याच्या टाकीतील वाफ नेमकी स्फोटक मर्यादेतच राहते. आपल्याकडील वर्षातील बहुतेक दिवसांचे तापमान याच टप्प्यात असते. म्हणजे इथेनॉलच्या टाकीतील मोकळी जागा ही जवळजवळ कायमच स्फोटक मानावी लागते. पाणी मिसळल्याने धोका संपतो, हा समजही पूर्ण खरा नाही. निम्म्याहून अधिक पाणी असलेल्या, म्हणजे ४० टक्के मद्यार्काच्या मिश्रणाची वाफसुद्धा सुमारे २६ अंशांना पेट घेऊ शकते.

भुकटीचा स्फोट

वायूचा धोका लोकांना पटतो. साखरेचा किंवा हळदीचा धोका पटत नाही. साखरेचे पोते पेटत्या काडीने पेटत नाही, मग साखरेचा स्फोट कसा होईल, अशी शंका साहजिक आहे. लाकडाचा ओंडका चटकन पेटत नाही, पण त्याचाच भुसा भुरकन जळतो, या उदाहरणात तिचे उत्तर आहे. पदार्थ जितका बारीक, तितका त्याचा हवेशी संपर्क अधिक. पिठासारखी भुकटी हवेत उडालेली असताना पेटली तर ज्वाला एका कणावरून दुसऱ्या कणावर क्षणार्धात धावते आणि बंद जागेत प्रचंड दाब निर्माण होतो.

ही गोष्ट नवी नाही. इटलीतील तुरीन शहरात १७८५ साली पिठाच्या कोठारात दिव्यामुळे झालेल्या स्फोटाचे वर्णन उपलब्ध आहे. अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील आहे. जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी झालेल्या स्फोटात १४ कामगार मृत्युमुखी पडले. बंदिस्त वाहकपट्ट्यात साखरेची भुकटी साचली होती आणि तापलेल्या बेअरिंगमुळे ती पेटली असावी, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. पहिला स्फोट तुलनेने मर्यादित होता. परंतु त्याच्या हादऱ्याने तुळयांवर, नळांवर व जमिनीवर वर्षानुवर्षे साचलेली भुकटी उडाली आणि तिच्या पाठोपाठच्या स्फोटांनी इमारती उद्ध्वस्त झाल्या. भुकटीच्या बहुतेक मोठ्या दुर्घटनांत असेच घडते. म्हणून झाडलोट हा या ठिकाणी केवळ स्वच्छतेचा विषय नसून सुरक्षेचा विषय आहे. अमेरिकेतील मार्गदर्शक प्रमाणकांत सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा थर मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असल्यास तो धोकादायक मानला जातो. तुळईवर बोटाने रेघ ओढली असता खालचा रंग दिसेनासा झालेला असेल, तर तेवढी खूणही सावध होण्यास पुरेशी आहे.

सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर ख्यातनाम आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक चिन्हांकनही प्राप्त झाले. हळद दळणाऱ्या गिरण्या, गुळाची व साखरेची भुकटी करणारे उद्योग, पशुखाद्याचे कारखाने या सर्वांना ही माहिती उपयोगी पडणारी आहे. वाळलेली हळद दळताना तिच्यात लोखंडाचा तुकडा किंवा खिळा आला तर ठिणगी उडते. दळण्यापूर्वी चुंबकाने लोखंड वेगळे करणे, भुकटी जागच्या जागी शोषून घेणे आणि तेथील मोटारी व दिवे धूळ आत न शिरणारे असणे, या तीन साध्या उपायांनी धोका पुष्कळ कमी होतो.

कंदिलापासून सुरक्षा-दिव्यापर्यंत

सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्याची जमिनीखालील पेवे हे या भागाचे वैशिष्ट्य होते. २००५ च्या महापुरात त्यांची फार हानी झाली. बराच काळ बंद राहिलेल्या पेवातील हवा श्वासोच्छ्वासास अयोग्य होते, हे हमालांना अनुभवाने माहीत होते. आत उतरण्यापूर्वी पेव उघडे ठेवून हवा खेळू देणे आणि पेटता कंदील सोडून तो विझतो की काय ते पाहणे, ही काळजी पेव किंवा जुनी विहीर यांच्या बाबतीत अनुभवी माणसे घेत असत. पेवापुरती ही रीत उपयोगाची होती. परंतु हीच रीत मद्यार्काच्या रिकाम्या टाकीला किंवा जैववायूच्या टाकीला लावली, तर कंदीलच स्फोटाचे कारण ठरेल. तेथे प्राणवायू, ज्वालाग्राही वायू व विषारी वायू मोजणारे उपकरणच वापरले पाहिजे.

कोळशाच्या खाणीत याच अडचणीतून मार्ग निघाला. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविली. जाळीतून जाताना ज्वाला थंड होते आणि बाहेरचा वायू पेटत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आज कारखान्यातील ज्या मोटारीला, स्विचला किंवा दिव्याला 'फ्लेमप्रूफ', म्हणजे ज्वालारोधक, असे म्हणतात, ते मूलतः याच तत्त्वावर चालते.

ज्वालारोधक उपकरणात वायू शिरत नाही, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः त्यात वायू शिरतो, आत ठिणगी पडली तर तो पेटतोही. मात्र उपकरणाची जाड पेटी तो दाब सहन करते, आणि झाकण व पेटी यांच्या सांध्यातील अतिशय अरुंद व लांब फटीतून बाहेर येताना ज्वाला इतकी थंड होते की, बाहेरील वायू पेटवू शकत नाही. या फटीला ज्वालामार्ग म्हणता येईल. तिची रुंदी मिलिमीटरच्या अंशात मोजली जाते. सर्व सुरक्षितता या फटीवर अवलंबून असल्याने तिच्यावरील एक ओरखडा, गंजाचा एक डाग किंवा एक सैल बोल्टसुद्धा उपकरण निकामी करू शकतो. आणि अडचण अशी की, असे निकामी झालेले उपकरण नेहमीप्रमाणे चालूच राहते. मोटार फिरते, दिवा लागतो. दोष कळतो तो वायूची गळती होईल त्या दिवशी. तपासणीची खरी गरज येथे आहे.

ज्वालारोधक पेटीखेरीज अन्य पद्धतीही वापरात आहेत. मोजमापाच्या उपकरणांत विजेची शक्तीच इतकी मर्यादित ठेवतात की, तिची ठिणगी वायू पेटवू शकत नाही. काही उपकरणांत ठिणगीच पडू नये व पृष्ठभाग तापू नये अशी वाढीव काळजी घेतलेली असते. काही नियंत्रण-कक्षांत स्वच्छ हवेचा दाब ठेवून वायूला आत येऊच दिले जात नाही.

क्षेत्रांची आखणी व उपकरणाची निवड

सर्व कारखाना सारखाच धोकादायक नसतो. भारतीय मानक ५५७२ अन्वये जागांची तीन क्षेत्रांत विभागणी करतात. जेथे स्फोटक वायू सतत किंवा दीर्घकाळ असतो, उदाहरणार्थ टाकीच्या आतील मोकळी जागा, ते शून्य क्षेत्र. जेथे नेहमीच्या कामकाजात तो अधूनमधून येण्याचा संभव असतो, जसे टाकीच्या श्वासनलिकेभोवतीची जागा, ते पहिले क्षेत्र. जेथे तो केवळ बिघाडाच्या वेळी आणि थोडाच काळ येऊ शकतो, ते दुसरे क्षेत्र. भुकटीसाठी याच धर्तीवर २०, २१ व २२ असे क्रमांक वापरतात.

उपकरणाच्या पाटीवर त्याचा वायुगट व तापमानवर्ग लिहिलेला असतो. प्रोपेन, इथिलीन व हायड्रोजन हे अनुक्रमे चढत्या धोक्याच्या तीन वायुगटांचे प्रतिनिधी मानले जातात. तापमानवर्ग 'टी १' पासून 'टी ६' पर्यंत असून 'टी १' मध्ये पृष्ठभाग ४५० अंशांपर्यंत, 'टी ४' मध्ये १३५ अंशांपर्यंत आणि 'टी ६' मध्ये केवळ ८५ अंशांपर्यंत तापू शकतो. उपकरणाची चाचणी धनबाद येथील केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेसारख्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते आणि पेट्रोलियमच्या जागेसाठी त्यास पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. हे सर्व खरेदीच्या वेळी पाहिले जाते. परंतु प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या नव्या उपकरणाचे असते. दहा पावसाळे सोसलेल्या उपकरणाचे नसते.

तपासणी कशी करावी

भारतीय मानक म्हणून स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानक ६००७९ च्या सतराव्या भागात या तपासणीची रीत दिलेली आहे. तपासणीचे तीन स्तर सांगितले आहेत. पहिला दृश्य तपासणीचा. यात हत्यार न वापरता, केवळ डोळ्यांनी दिसणारे दोष पाहतात, जसे बोल्ट नसणे, काच फुटणे, पाटी नाहीशी होणे. दुसरा निकट तपासणीचा. यात शिडी, पाने इत्यादींच्या साहाय्याने सैल बोल्टसारखे दोष शोधतात. पेटी उघडण्याची सहसा गरज नसते. तिसरा सविस्तर तपासणीचा. यात वीजपुरवठा तोडून पेटी उघडतात व ज्वालामार्ग, जोडण्या आणि रोध यांची पाहणी व मोजणी करतात.

उपकरण प्रथम वापरात आणण्यापूर्वी सविस्तर तपासणी व्हावी. त्यानंतरच्या नियतकालिक तपासण्यांतील अंतर तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय ३ वर्षांहून अधिक असू नये. हाताने इकडेतिकडे नेल्या जाणाऱ्या उपकरणांची निकट तपासणी किमान १२ महिन्यांतून एकदा आणि वारंवार उघडल्या जाणाऱ्या पेट्यांची सविस्तर तपासणी किमान ६ महिन्यांतून एकदा करावी. जेथे पावसाची सर, वाफ किंवा मळीची आम्ले यांमुळे धातू लवकर झिजतो, तेथे हे अंतर आणखी कमी करणे श्रेयस्कर होय.

प्रत्यक्ष तपासणीत पुढील गोष्टी पाहाव्या लागतात. सर्व बोल्ट जागेवर असून मूळ प्रतीचेच आहेत काय? केबल आत शिरते तेथील ग्लँड योग्य मापाची व घट्ट आहे काय? न वापरलेली भोके मान्यताप्राप्त बुचांनी बंद केली आहेत काय, की चिंधी व मेण कोंबले आहे? ज्वालामार्गावर रंग लावलेला नाही ना? पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून कोणी सद्हेतूने रबराची पट्टी तर बसविली नाही ना? या शेवटच्या चुकीने ज्वालामार्गाची फट वाढते आणि उपकरणाचे संरक्षणच नाहीसे होते. दिव्यातील बल्ब ठरवून दिलेल्या शक्तीचाच आहे काय? बेअरिंग तापत नाही ना? भूयोजनाचा, म्हणजे अर्थिंगचा, रोध मोजून नोंदविला आहे काय?

अखेरचा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की, स्थिर विजेची ठिणगी कोणत्याही स्विचवाचून निर्माण होते. नळातून वेगाने वाहणारा द्रव, टाकीत वरून पडणारी धार किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे यांमुळे वीज साठते. वायू पेटविण्यास एका ज्यूलच्या हजाराव्या भागाहूनही कमी ऊर्जा पुरते. म्हणून इथेनॉलचा टँकर भरण्यापूर्वी तो भूयोजनास जोडणे, भरण्याची नळी तळापर्यंत नेणे आणि प्रारंभी प्रवाह मंद ठेवणे हे नियम पाळावे लागतात. गळीत हंगामातील हिवाळ्याची कोरडी हवा या दृष्टीने अधिक प्रतिकूल असते.

दुरुस्तीतील धोका

सातारा व सांगली जिल्ह्यांना यंत्रकौशल्याची थोर परंपरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली वसविलेल्या किर्लोस्करवाडीने आणि सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्याने पिढ्यान्पिढ्या कुशल कारागीर घडविले. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत व विहिरीवरील मोटार जळाली तर शेतकरी तेथेच धाव घेतो. हे कौशल्य अभिमानास्पद असले, तरी ज्वालारोधक मोटारीच्या बाबतीत एक मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. विहिरीवरच्या मोटारीसाठी जी दुरुस्ती उत्तम, ती आसवनीतील मोटारीसाठी घातक ठरू शकते. सांधा कानशीने घासला, नवे भोक पाडले, बुशिंग वेगळ्या मापाचे बसविले किंवा तार वेगळ्या जाडीची वापरली, तर मोटार चालेल. पण ती ज्वालारोधक राहणार नाही. अशा मोटारीची दुरुस्ती मूळ उत्पादकाकडे अथवा त्या कामास मान्यता असलेल्या कार्यशाळेतच व्हावी आणि दुरुस्तीनंतर ज्वालामार्गाची मापे नोंदवून घ्यावीत. जुन्या पाटीवर विसंबून राहणे योग्य नव्हे.

हंगामापूर्वीचे महिने

साखर उद्योगाचे वर्ष गळीत हंगाम आणि हंगामबाह्य काळ अशा दोन भागांत विभागलेले असते. बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ थाटाने होतो. त्याआधीच्या दुरुस्तीच्या महिन्यांकडे लोकांचे लक्ष नसते. धोक्याच्या दृष्टीने मात्र हाच काळ अधिक कसोटीचा असतो. टाक्या रिकाम्या केल्या जातात, नळ सोडले जातात, वेल्डिंग व कटिंग सुरू होते आणि कंत्राटी कामगार नव्याने आलेले असतात. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीहून सुरक्षित असते, हा समज येथे जिवावर बेततो. तळाशी राहिलेला थोडासा मद्यार्क टाकीभर स्फोटक वाफ निर्माण करण्यास पुरेसा असतो.

म्हणून वेल्डिंगपूर्वी टाकीला जोडलेले सर्व नळ तोडून त्यांवर आंधळी तबकडी बसविणे, टाकी वाफेने किंवा पाण्याने धुणे, वायुमापकाने आतील हवा मोजणे, जबाबदार अधिकाऱ्याने मर्यादित वेळेचा लेखी परवाना देणे आणि काम चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजणी करणे, हा क्रम चुकता कामा नये. हाच नियम रस्त्याकाठी वेल्डिंग करणाऱ्या दुकानदारालाही लागू पडतो. डिझेलचा, रंगाचा किंवा स्पिरिटचा रिकामा पिंप कापून त्याचे पाण्याचे भांडे करून देणे हे काम दिसते तितके साधे नाही.

कायदा व यंत्रणा

या विषयावरील कायद्याची बैठक जुनी आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये ज्वालाग्राही वायू व भुकटी यांच्याबाबत यंत्रे बंदिस्त करणे, भुकटी साचू न देणे, ठिणगीची सर्व कारणे दूर ठेवणे आणि ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ होता ती निर्धोक केल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग न करणे, अशा तरतुदी होत्या. कलम ३६-अ अन्वये बंदिस्त जागेत सामान्यतः २४ व्होल्टहून अधिक दाबाचा हातदिवा वापरण्यास, तसेच ज्वालाग्राही वायू असण्याचा संभव असलेल्या जागी ज्वालारोधक नसलेला दिवा वापरण्यास मनाई होती. भोपाळ येथील १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण या अधिनियमात घालण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली व तिने या अधिनियमाची जागा घेतली. जुन्या कायद्याखालील नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतील, अशी तरतूद संहितेत आहे.

राज्यात कारखान्यांच्या सुरक्षेचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. बॉयलरची तपासणी बाष्पके संचालनालयाकडे, तर वीजसंचाची तपासणी विद्युत निरीक्षकाकडे असते. पेट्रोलियम आगारे, पंप व गॅसची गोदामे यांवर नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची देखरेख असते. बॉयलरचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे आसवनीतील ज्वालारोधक दिव्यांची तपासणी झाली, असे समजणे चूक ठरेल.

संहितेनुसार वीज वापरणारी जागा २० किंवा अधिक कामगार असल्यास 'कारखाना' ठरते. हळद दळणाऱ्या अनेक लहान गिरण्यांत इतके कामगार नसतात. भुकटी मात्र कामगारांची संख्या पाहून पेट घेत नाही. त्यामुळे जेथे निरीक्षक क्वचितच पोचतो, तेथे मालकाची जाणीव आणि गावाची दक्षता यांवरच भिस्त राहते.

जयपूरचा धडा

एखाद्या साध्या उपकरणाचा प्रश्न किती दूरवर जाऊ शकतो, हे जयपूरजवळील सीतापुरा येथील घटनेवरून दिसून येते. तेथील पेट्रोलियम आगारात २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोलची गळती झाली. वाफेचा ढग सुमारे सव्वा तास पसरत राहिला आणि मग त्याचा स्फोट होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. चौकशी समितीने ठिणगीची जी संभाव्य कारणे दिली, त्यांत कार्यालयाच्या इमारतीतील ज्वालारोधक नसलेली विद्युत उपकरणे किंवा सुरू केलेले वाहन यांचा उल्लेख आहे. कार्यालय हे धोक्याचे क्षेत्र मानले जात नाही. परंतु जड वाफ नकाशावरील रेषा पाळत नाही. पलूस तालुक्यातील हजारवाडीसारख्या ज्या गावांजवळ पेट्रोलियमची आगारे आहेत, त्यांच्या दृष्टीने या घटनेचा अभ्यास बोधप्रद आहे. क्षेत्रांची आखणी आवश्यक आहेच, पण तिच्या जोडीला गळती ओळखणारे यंत्र, दुरून बंद होणारी झडप आणि गावापर्यंत पोचणारी इशाऱ्याची व्यवस्था हवी.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

कारखान्याची तपासणी करणे हे ग्रामपंचायतीचे काम नाही. तथापि कारखाना ज्या गावाच्या शिवारात उभा आहे, त्या गावाला काही गोष्टी विचारण्याचा हक्क निश्चित आहे. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असतो आणि मोठ्या धोक्याच्या कारखान्यांसाठी कारखान्याबाहेरील आपत्कालीन योजना तयार केली जाते. त्या योजनेत आपल्या गावाचा समावेश आहे काय, भोंगा वाजल्यास लोकांनी कोणत्या दिशेला जावे, शेवटची रंगीत तालीम केव्हा झाली, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले जावेत. आसवनी व आगार यांच्या कुंपणालगत नवी वस्ती, धाबा, वीटभट्टी किंवा वेल्डिंगचे दुकान होऊ न देणे, हे तर पंचायतीच्या हातातीलच काम आहे. टँकर जेथे रांगेत उभे राहतात, तेथे चालक स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करीत असतील, तर ती गोष्ट कारखान्याच्या नजरेस आणून देण्यास विशेष अधिकाराची गरज नाही.

शिक्षकांना तर हा विषय प्रयोगशाळेतच शिकविता येईल. डेव्हीच्या जाळीचा प्रयोग माध्यमिक शाळेच्या विज्ञानकक्षात सहज करता येतो: ज्योतीवर तारेची जाळी धरली असता ज्वाला जाळीच्या खालीच राहते, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतात. ज्या मुलांचे वडील आसवनीत, गिरणीत किंवा टँकरवर काम करतात, ती मुले हा धडा घरी नेतात, आणि एखादे वेळी वडिलांना एक प्रश्नही विचारतात.

तपासणीची नोंदवही हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा होय. तिच्यात केवळ 'ठीक' असा शेरा असेल तर तिचा उपयोग नाही. कोणत्या मोटारीचा कोणता बोल्ट सैल होता, तो कोणी व केव्हा बदलला, दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवले काय, अशा नोंदी असल्या तर पुढील तपासनिसाला दिशा मिळते. दोष न सापडलेल्या तपासणीपेक्षा दोष शोधून दूर केलेली तपासणी अधिक मोलाची मानली गेली पाहिजे. तसे झाल्यास फिटर व वायरमन दोष लपविणार नाहीत. इथेनॉलच्या उत्पादनाने ऊसकरी शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक पडावेत, ही अपेक्षा रास्त आहे. ते मिळविताना त्याच शेतकऱ्याचा मुलगा आसवनीतील रात्रपाळी संपवून सुखरूप घरी परतावा, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे.